रोल संपवायला काढलेले फोटो

१९४८ साली कोडॅकने सेल्युलोज ट्रायॲसिटेटची फिल्म बाजारात आणली. तिची सगळ्यात मोठी जाहिरात होती ती सुरक्षिततेची. आधीची फिल्म भडकन पेट घ्यायची, ही घेत नव्हती. पण दहा वर्षं व्हायच्या आतच या फिल्मबद्दल पहिली तक्रार कंपनीकडे आली, आणि ती आली भारत सरकारकडून. उष्ण आणि दमट हवेत ठेवलेली फिल्म खराब होत होती. मग तशाच हवेत ठेवलेल्या इतर ठिकाणच्या साठ्यांमधूनही तक्रारी येऊ लागल्या. फिल्मला आंबूस वास येतो, ती आकसते, कडक होते, शेवटी तुकडे पडतात. आज या रोगाला ‘व्हिनेगर सिंड्रोम’ म्हणतात.

माझ्या पीएचडीचा विषय याच्या शेजारचा आहे. सेल्युलोजपासून बनवलेले पॉलिमर ओलाव्यामुळे कसे तुटतात, हे मी मोजते. ‘म्हणजे नक्की काय करतेस?’ असं घरी कुणी विचारलं की मी आता सरळ कपाटातल्या निगेटिव्हकडे बोट दाखवते. कारण तो प्रयोग तिथे गेली तीस-चाळीस वर्षं आपोआप चालू आहे. आजच्या लेखात या पट्टीचा इतिहास सांगते, आणि आपल्या घरातल्या आठवणींशी तिचा संबंध कसा येतो तेही.

काचेपासून पट्टीपर्यंत

फोटोग्राफीची जाहीर घोषणा पॅरिसमध्ये १८३९ साली झाली. आपल्याकडे ती फार उशिरा आली असं समजू नका. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे स्थापन झाली, आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी हे त्या काळातले महत्त्वाचे भारतीय फोटोग्राफर. पण तेव्हाचा फोटो म्हणजे काचेचं काम. काचेवर कलोडियनचा थर द्यायचा, तो चांदीच्या क्षारात बुडवायचा आणि ओला असतानाच फोटो काढून लगेच धुवायचा. बाहेर जायचं तर तंबू, रसायनांच्या बाटल्या आणि काचांच्या पेट्या बरोबर. अशा सरंजामात कोण कशाला घरातल्या मांजराचा फोटो काढेल?

१८७१ साली रिचर्ड मॅडॉक्स या इंग्रज डॉक्टरने कलोडियनऐवजी जिलेटिन वापरून बघायचं सुचवलं. त्यातून कोरड्या प्लेट आल्या. त्या आधी तयार करून ठेवता येत आणि सवडीने धुता येत. न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरमध्ये बँकेत कारकून असलेल्या जॉर्ज इस्टमनने या प्लेटचाच धंदा सुरू केला आणि १८८८ साली ‘कोडॅक’ नावाचा कॅमेरा काढला. किंमत २५ डॉलर. आत १०० फोटोंचा रोल आधीच भरलेला. फोटो संपले की अख्खा कॅमेराच रॉचेस्टरला पाठवायचा. १० डॉलरमध्ये कंपनी फोटो धुऊन, छापून, नवा रोल भरून कॅमेरा परत करायची. पुढच्याच वर्षी कागदी रोलच्या जागी पारदर्शक सेल्युलॉइडची पट्टी आली. १९०० साली ‘ब्राउनी’ आला, तो फक्त एका डॉलरला.

इस्टमनने फोटो काढणं आणि फोटो धुणं या दोन कामांची फारकत केली. फोटो काढणाऱ्याला रसायनशास्त्र येण्याची गरज उरली नाही. घरगुती फोटोचा इतिहास खरा सुरू होतो तो इथून.

त्या पट्टीवर असतं काय?

फिल्म म्हणजे ढोबळमानाने दोन थर. खाली आधाराला प्लॅस्टिकची पट्टी, वर जिलेटिनचा पातळ थर आणि त्यात चांदीच्या क्षाराचे (मुख्यतः सिल्व्हर ब्रोमाइडचे) बारीक कण. प्रकाश पडला की कणात चांदीचे काही अणू मोकळे होतात. किती? चार-एक अणूंचा पुंजका झाला तरी पुरतो. कणात चांदीचे अब्जावधी आयन असतात, पण डेव्हलपरमध्ये टाकल्यावर तो चार अणूंचा पुंजका सगळ्या कणाचं चांदीत रूपांतर घडवून आणतो. धुण्याआधी रोलवर फोटो ‘असतो’, पण कुठल्याच सूक्ष्मदर्शकाखाली दिसत नाही. याला सुप्त प्रतिमा म्हणतात. गर्नी आणि मॉट या दोघांनी १९३८ साली तिचं पहिलं नीट स्पष्टीकरण दिलं. म्हणजे जवळपास शंभर वर्षं लोक फोटो काढत होते आणि तो नेमका कसा निघतो हे कुणालाच धड माहीत नव्हतं!

आता जिलेटिनची गंमत बघा. जिलेटिन जनावरांच्या हाडा-कातड्यांपासून काढतात. १८८०च्या दशकाच्या सुरुवातीला इस्टमनच्या प्लेट अचानक मंद निघू लागल्या. दोष निघाला जिलेटिनच्या नव्या मालात. त्याचं कारण कोडॅकच्या सॅम्युअल शेपर्डने पुढे १९२०च्या दशकात शोधलं. चांगल्या जिलेटिनमध्ये गंधकाची अतिसूक्ष्म संयुगं असतात आणि त्यामुळे चांदीचे कण प्रकाशाला जास्त संवेदनशील होतात. ही संयुगं येतात मोहरीसारख्या वनस्पतींतून, गुरांच्या चाऱ्यामार्फत. गाईंना मोहरी आवडली नसती तर आपल्याला सिनेमे बघता आले नसते, अशा अर्थाचं कोडॅकचे संशोधनप्रमुख मीस गमतीने म्हणत.

एकाच सेल्युलोजची दोन पोरं

खालच्या पट्टीची कथा मात्र गमतीची नाही. पट्टी बनते कापसाच्या किंवा लाकडाच्या सेल्युलोजपासून. सेल्युलोजवर नायट्रिक आम्लाची प्रक्रिया केली की नायट्रेट. नायट्रेट दिसायला सुंदर, वाकायला लवचीक, पण बंदुकीच्या दारूचं सख्खं भावंड. त्याच्या रेणूतच ऑक्सिजन असतो. एकदा पेटलं की पाण्याखालीसुद्धा जळत राहतं. पुण्यात २००३च्या जानेवारीत जुन्या प्रभात स्टुडिओच्या आवारातल्या फिल्मच्या कोठाराला आग लागली, तेव्हा आपल्या मूकपटांच्या आणि सुरुवातीच्या बोलपटांच्या नायट्रेट प्रिंट गेल्या. हा तोटा भरून येणारा नाही.

फाळक्यांच्या काळात फिल्म छिद्रं न पाडता यायची. ती रात्री अंधारात बसून पाडायचं काम, फिल्म धुण्याचं कामही, सरस्वतीबाई फाळके यांनी केलेलं आहे. आपल्याकडच्या सिनेमाचा पहिला कच्चा माल घरातल्या बाईच्या हातून गेला होता, एवढं लक्षात ठेवूया.

दुसरं पोर म्हणजे ॲसिटेट. सेल्युलोजवर ॲसेटिक अनहायड्राइडची प्रक्रिया केली की ते तयार होतं. ते आगीपासून सुरक्षित. १९५०च्या आसपास नायट्रेट बंद झालं आणि ॲसिटेटने सगळी जागा व्यापली. तुमच्या-माझ्या घरातल्या जवळजवळ सगळ्या निगेटिव्ह याच जातीच्या. आजही ३५ मिमीच्या बऱ्याच रोलांचा तळ ॲसिटेटचाच असतो.

कुणाचे फोटो, कसले फोटो?

भारतात घरातल्या रोजच्या जगण्याचे फोटो काढणाऱ्यांत सगळ्यात आधी आठवतात उमराव सिंग शेरगिल, चित्रकार अमृता शेरगिलचे वडील. लाहोर, सिमला, बुडापेस्ट, पॅरिस असं जिथे जिथे कुटुंब राहिलं, तिथे त्यांनी पत्नीचे, मुलींचे आणि स्वतःचेही भरपूर फोटो काढले. व्यवसाय म्हणून नव्हे, हौस म्हणून. पुढे नातू विवान सुंदरम यांनी त्याच फोटोंवर संगणकाने काम करून ‘रीटेक ऑफ अमृता’ ही मालिका केली. जुन्या निगेटिव्ह जपल्या तर नातवंडं त्यांचं काय काय करू शकतात याचं हे एक उदाहरण.

दुसरं नाव मनोबिना रॉय यांचं. मनोबिना आणि देबलिना या १९१९ साली जन्मलेल्या जुळ्या बहिणी, बनारसजवळच्या रामनगरच्या. बाराव्या वर्षी वडिलांनी कॅमेरा हातात दिला आणि फोटो धुवायलाही शिकवलं. मनोबिनांचं लग्न झालं दिग्दर्शक बिमल रॉय यांच्याशी आणि संसार मुंबईत. घर सांभाळता सांभाळता त्यांनी माणसांचे, रस्त्यांचे, घरच्यांचे फोटो काढले. त्याच काळात होमाई व्यारावाला दिल्लीत राजकारणाचे फोटो काढत होत्या. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या होमाईंना ‘देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार’ म्हणून लोक ओळखतात आणि ते योग्यच आहे. पण घर आणि गल्ली टिपणाऱ्या बाईचं नाव चटकन कुणाला आठवत नाही.

सामान्य मध्यमवर्गीय घरात कॅमेरा शिरला तो त्यानंतर. साठ-सत्तरच्या दशकांत ॲग्फाचा क्लिक थ्री होता. १२० चा रोल, त्यावर १२ चौकोनी फोटो. उटीला हिंदुस्तान फोटो फिल्म्स ही सरकारी कंपनी १९६० साली स्थापन झाली, फ्रेंच कंपनीशी करार करून. १९६७ पासून तिथे उत्पादन सुरू झालं. ‘इंदू’ या नावाने तिचे कृष्णधवल रोल मिळायचे. ऐंशीच्या दशकात हॉट शॉटसारखे सोपे कॅमेरे आले आणि रंगीत फोटोंचं युग सुरू झालं. आता रोल ३५ मिमीचा, ३६ फोटोंचा.

या ३६ आकड्यात आपला सामाजिक इतिहास दडलेला आहे असं मला वाटतं. रोल महाग, धुणं महाग, प्रिंट महाग. त्यामुळे एक रोल महिनोन् महिने कॅमेऱ्यात राहायचा. गणपतीत दहा फोटो, बाळाच्या बारशाला बारा, सहलीला आठ. आणि मग उरलेले पाच-सहा? अर्धवट रोल धुवायला टाकणं म्हणजे उधळपट्टी. मग कुणीतरी म्हणायचं, “अरे, रोल संपवून टाक एकदाचा!” आणि कॅमेरा हातात घेतलेला काका-मामा घरभर फिरत जे समोर दिसेल ते टिपायचा.

मामाच्या घरी कोकणात मला प्लॅस्टिकच्या पाकिटात १९८६ सालचा असा एक रोल सापडला. पहिल्या तीसेक फोटोंत मावशीचं डोहाळजेवण आहे. ओळीने बसलेल्या बायका, सगळ्या कॅमेऱ्याकडे बघणाऱ्या, ताठ. आणि शेवटच्या पट्टीवर आजी. पदर खोचून विळीवर नारळ खोवतेय, तोंड अर्धं वळवलेलं, बहुतेक ‘माझा कशाला काढतोस’ असं म्हणत असावी. मागे चूल, फळीवर ओळीने डबे. पुढच्या फोटोत नुसतंच अंगण, वाळत घातलेली आमसुलं आणि झोपलेलं कुत्रं.

अल्बममध्ये यातलं काहीच नाही. कारण स्टुडिओत निगेटिव्ह उजेडात धरून ‘हा, हा आणि हा छाप’ असं सांगायची पद्धत होती. समारंभाचे फोटो छापले जायचे. आमसुलांचा फोटो छापायला पैसे कोण देणार? त्यानंतर मी नातेवाइकांच्या, मैत्रिणींच्या घरी हेच बघत गेले आणि बहुतेक ठिकाणी तसंच सापडलं. अल्बमात समारंभ, आणि रोजचं जगणं रोलच्या शेपटाला. ते शेपूट कधी छापलंच गेलं नाही, त्यामुळे ते फक्त निगेटिव्हवर आहे. निगेटिव्ह गेली की ते सगळं गेलं.

पट्टी आंबते म्हणजे काय होतं?

आता माझ्या कामाकडे येते. ॲसिटेटच्या साखळीला ॲसिटिल गट चिकटवलेले असतात. हवेतला ओलावा हळूहळू हे गट सोडवतो आणि प्रत्येक सुटलेल्या गटामागे ॲसेटिक आम्लाचा एक रेणू तयार होतो. व्हिनेगरमध्ये असतं तेच आम्ल, म्हणून तो वास. शाळेत आपण शिकलेलं एस्टरचं जलविघटन ते हेच.

खरी अडचण पुढे आहे. हीच अभिक्रिया आम्लामुळे वेगाने होते. म्हणजे तयार झालेलं आम्ल आणखी आम्ल तयार करतं. अशा अभिक्रियेला स्वयंउत्प्रेरित म्हणतात. सुरुवातीची कित्येक वर्षं काहीच दिसत नाही, आणि एका टप्प्यानंतर थोड्याच वर्षांत सगळं घसरतं. कर्जाच्या चक्रवाढ व्याजासारखं. वास येऊ लागला म्हणजे तो टप्पा आला असं समजा.

वेग ठरतो तीन गोष्टींवर: तापमान, ओलावा आणि कोंडलेलं आम्ल. साधारण २१ अंश सेल्सियस आणि ५० टक्के आर्द्रतेला नवी फिल्म या टप्प्यापर्यंत यायला चाळीसेक वर्षं घेते, असा रॉचेस्टरच्या इमेज परमनन्स इन्स्टिट्यूटने प्रयोगांवरून बांधलेला अंदाज आहे. तापमान दहा अंशांनी वाढलं की हा काळ दोन-तीन पटींनी कमी होतो. रत्नागिरीचा किंवा मुंबईचा मे महिना डोळ्यांसमोर आणा, मग जुलै आणा. आपल्या घरांमध्ये ही घड्याळं किती वेगाने चालत असतील याचा हिशोब तुम्हीच करा. भारत सरकारची तक्रार सगळ्यात आधी का गेली असेल, याचंही उत्तर तिथेच मिळतं.

पट्टी आकसते, पण वरचं जिलेटिन तेवढं आकसत नाही. मग ते सुटून त्याच्या नागमोडी वळ्या पडतात. मामाकडच्या त्या रोलच्या तीन पट्ट्यांवर अशा वळ्या होत्या. ३६ पैकी ११ फोटो नीट वाचता आले. आजीचा त्यात आहे, अंगणाचा नाही.

रंगीत फोटोंचं दुखणं आणखी वेगळं. कृष्णधवल फोटोत शेवटी चांदी उरते. रंगीत फोटोत चांदी धुऊन काढतात आणि निळसर, किरमिजी, पिवळा असे तीन सेंद्रिय रंग उरतात. सत्तरच्या दशकातल्या प्रिंटमधला निळसर रंग अंधारात ठेवूनसुद्धा उडायचा, म्हणून ते फोटो तांबूस झालेले दिसतात. १९८० साली मार्टिन स्कॉर्सेसी या दिग्दर्शकाने यावर फिल्म कंपन्यांविरुद्ध मोहीम काढली होती. पुढे कंपन्यांनी रंग सुधारले. पण हिशोब असा झाला की आजी-आजोबांच्या लग्नाचा कृष्णधवल फोटो अजून ठणठणीत आणि आई-बाबांच्या लग्नाचा रंगीत फोटो लालभडक.

मग घरी काय करायचं?

यातल्या कशालाही प्रयोगशाळा लागत नाही.

१. निगेटिव्ह शोधा. अल्बमच्या मागच्या खिशात, स्टुडिओच्या पिवळ्या पाकिटात, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात त्या असतात. वास घेऊन बघा. आंबूस वास येणाऱ्या वेगळ्या काढा, कारण त्यांची वाफ शेजारच्या चांगल्या निगेटिव्हलाही बिघडवते.

२. घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवू नका. आम्ल आतच कोंडतं, आणि लोखंडाने विघटनाला मदतच होते. साध्या, आम्लरहित कागदाच्या पाकिटात ठेवा. माळा आणि बाहेरची भिंत टाळा. पावसाळ्यात घरातली सगळ्यात कोरडी जागा शोधा. जिलेटिन हे प्रथिन आहे, बुरशीला ते आवडतं.

३. फार महत्त्वाच्या निगेटिव्ह हवाबंद पिशवीत घालून फ्रीजमध्ये ठेवता येतात. बाहेर काढल्यावर पिशवी खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नका, नाहीतर दव धरेल.

४. चिकट पानांचे अल्बम असतील तर फोटो ओढून काढू नका. आधी आहे तसाच मोबाइलने फोटो घ्या. काचेला चिकटलेल्या फ्रेमचंही तेच.

५. पुरात भिजलेले फोटो एकमेकांपासून ओढून सोडवू नका. स्वच्छ थंड पाण्यात ठेवून हलक्या हाताने सोडवा आणि चित्राची बाजू वर ठेवून सावलीत वाळवा. लगेच जमणार नसेल तर पिशवीत घालून डीप फ्रीजरमध्ये टाका, नंतर करता येतं. २०११च्या त्सुनामीनंतर जपानमध्ये फुजीफिल्मने आणि स्वयंसेवकांनी चिखलातले फोटो असेच हाताने धुऊन लोकांना परत केले. २०१९ला सांगली-कोल्हापुरात आणि २०२१ला चिपळूणला पुराचं पाणी घरांत शिरलं होतं, तेव्हा ही माहिती आपल्याकडेही लोकांना असायला हवी.

६. डिजिटल प्रत करा. लॅपटॉपची पांढरी स्क्रीन, तिच्यापासून थोड्या अंतरावर धरलेली निगेटिव्ह आणि मोबाइल एवढ्यावर काम भागतं. रंग उलटे करायची सोय अनेक फोटो ॲपमध्ये असते. दर्जा स्कॅनरइतका येणार नाही, पण काय वाचवायचं आहे ते कळतं. प्रत केली म्हणून मूळ निगेटिव्ह टाकून देऊ नका.

आणि हौसेने आज पुन्हा फिल्मवर फोटो काढणाऱ्या मित्रमैत्रिणींना एक विनंती. रोल धुवायला टाकला की हल्ली स्कॅन मेलवर येतात आणि अनेकजण निगेटिव्ह परत आणायला जातच नाहीत. तुमचं फिल्मवरचं काम त्या पट्टीत आहे. ती घरी आणा.

शेवटची गोष्ट रसायनशास्त्राची नाही, पण ती सगळ्यात आधी करा. प्रत काढलेले फोटो घेऊन घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाजवळ बसा आणि प्रत्येक फोटोत कोण आहे, घर कुठलं, साल कुठलं ते विचारून लिहून घ्या. कागदी प्रिंटच्या मागे लिहायचं तर मऊ शिसपेन्सिलने, हलक्या हाताने. मामाकडच्या रोलमध्ये आजीच्या मागे दारात एक मुलगी उभी आहे, आठ-नऊ वर्षांची, हातात पितळी तांब्या. मामाला ती आठवत नाही, मावशीलाही नाही. आजी असती तर तिने क्षणात नाव सांगितलं असतं.